कागद अंगावर

काल सकाळी तो ट्रक घेऊन कारखान्याच्या रांगेला लागला तेव्हा पुढे चाळीस गाड्या होत्या. आज दुपारी बारा वाजता अकरा उरल्या होत्या. दीड दिवसात एकोणतीस. गेटवरचा कारकून एका गाडीचे कागद बघायला जेवढा वेळ लावायचा, तेवढ्यात माणसाचं अख्खं स्थळ बघून सुपारी फुटली असती.

रस्त्यावर सगळे त्याला भडक्या म्हणत. नाव ठेवणाऱ्याची काही चूक नव्हती. सव्वीस वर्षं लांब पल्ल्याच्या गाड्या हाकल्यावर माणसाला एकतर शांती मिळते, नाहीतर रक्तदाब. भडक्याच्या वाट्याला काय आलं ते सांगायला नको. उगाच हॉर्न वाजवणारा, वळणावर घुसणारा, रांगेत पुढे सरकायला वेळ लावणारा, कोणीही असो, याच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आणि आज तर आग जायलाच हवी होती. हा कारखाना त्याच्या घरापासून चौदा किलोमीटरवर होता. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मालकाने घराजवळ उतरवायचा माल दिला होता, आणि तोही नेमका आजच्या तारखेला. आज दुपारी तीनच्या बसने त्याची लेक नोकरीला निघणार होती. परगावच्या इस्पितळात, रक्त-लघवी तपासणीच्या खोलीत. बसने दीड-दोन तासांवरच्या स्टेशनला, तिथून सहा दहाची रेल्वे, उद्या सकाळी आठला हजर. पहिलं वर्षभर रजा नाही.

लेक घरात त्याला ‘उद्या पोचतो’ म्हणायची. समोर ‘बाबा’, मागे ‘उद्या पोचतो’. दहावीचा निकाल लागला तेव्हा त्याने फोनवर सांगितलं, उद्या पोचतो. तिचं अपेंडिक्स काढलं तेव्हाही तेच, आणि पोचला तेव्हा ती टाके काढून घरी आली होती. पोरीने कधी तक्रार केली नाही, फक्त हसायची. तक्रार केली असती तर भांडता तरी आलं असतं. हसणाऱ्या पोरीशी काय भांडणार?

या वेळी मात्र त्याने शब्द दिला होता. “तुला बसमध्ये बसवायला मी येणार म्हणजे येणार.” त्यावर ती म्हणाली होती, “बघू.” ते ‘बघू’ त्याला पाच दिवस आणि हजार किलोमीटर टोचत होतं.

आता घोडं अडलं होतं ते असं. रांग सोडून जायचं तर गाडी कोण पुढे घेणार? पुढची गाडी सरकली आणि तुमची जागची हलली नाही, की मागचा बाजूने काढून पुढे जातो, आणि संध्याकाळी आल्यावर तुम्ही शेवटचे. यावर ट्रकवाल्यांनी कधीकाळी एक तोडगा काढून ठेवलाय. अंघोळीला, जेवायला, कुठेही जायचं तर चावी मागच्या गाडीवाल्याकडे द्यायची. तो स्वतःची गाडी सरकवायच्या आधी तुमची सरकवतो. ना ओळख लागते, ना चिठ्ठी. चावी दिली, संपलं.

पण भडक्याच्या मागे होता सावकाश काका.

साठीकडे झुकलेला हा माणूस सगळ्या रस्त्यावर सावकाश म्हणूनच माहीत होता. बोलायचा सावकाश, चालवायचा सावकाश, चहासुद्धा असा प्यायचा की शेवटचा घोट गार झालेला असायचा. कालच दोघांची जुंपली होती. गाडी पुढे घ्यायला काकाने इतका वेळ लावला, की मधल्या फटीत एक टँकर घुसता घुसता राहिला. भडक्या खाली उतरून नको नको ते बोलला. काकाच्या वयाचासुद्धा उद्धार केला. काकाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सावकाश. बीपी वाढेल.” त्याने भडक्याचा जास्तच भडका उडाला.

आता त्याच माणसापुढे हात पसरायचा. जिवावर आलं होतं. दोनदा चावी काढली, दोनदा परत खिशात घातली. शेवटी बायकोचा फोन आला. “अहो, ती विचारतेय, तुमचं ताट वाढायचं की नाही?” तेव्हा तो उठला.

काका केबिनच्या पायरीवर बसून नखं कापत होता.

“काका,” भडक्या दुसरीकडे बघत म्हणाला, “लेक निघालीये आज. तीनची बस. मी जाऊन येतो.”

काकाने नेलकटर खिशात ठेवलं आणि हात पुढे केला. चावी घेतली. कालचं एक अक्षर काढलं नाही.

“क्लच जरा खाली धरतो,” भडक्या म्हणाला. “आणि दुसऱ्या गिअरला...”

“चावी घेतली की गाडी माझी,” काका म्हणाला. “जा तू. सावकाश.”

भडक्याने हिशोब मांडला होता. आतापर्यंतच्या वेगाने आपला नंबर अंधार पडता पडता येणार. एक वाजता घर, सगळ्यांबरोबर जेवण, तीनला बस, चारपर्यंत परत. चोख. पण त्याचं गणित आणि रस्त्याचं गणित कधी जुळलं होतं, की आज जुळावं? अर्धा तास एक वाहन थांबेना. थांबला तो दुधाचा टेम्पो, तो वाटेत तीन ठिकाणी कॅन उतरवत गेला. मग रेल्वेचं फाटक पडलं. एक मालगाडी गेली, फाटक उघडेना, उलट्या दिशेने दुसरी आली. भडक्या टेम्पोत बसून डबे मोजत होता आणि दातओठ खात होता. टेम्पोवाला म्हणाला, “काय घाई आहे एवढी?” या प्रश्नाला उत्तर देण्याइतकं थंड डोकं त्याच्याकडे उरलं नव्हतं.

घर राहिलं, ताट राहिलं. तो थेट बस स्टँडवर पोचला तेव्हा पावणेतीन झाले होते. लेक दोन बॅगा पायाशी घेऊन उभी होती, शेजारी बायको. लेकीने त्याला बघितलं आणि तिचा चेहरा असा काही फुलला की भडक्याला फाटकासकट सगळ्यांना माफ करावंसं वाटलं.

“आलात,” ती म्हणाली.

“मग? सांगितलं होतं ना?”

तो बॅगा उचलायला वाकला आणि फोन वाजला. सावकाश काका.

“गाडी गेटात घातली तुझी,” काका म्हणाला. “जेवणानंतर यांनी दुसरा वजनकाटा चालू केला. भराभर घेतायत. आता कागद मागतायत. केबिनमध्ये कुठे ठेवलेत?”

भडक्याचा हात आपोआप छातीवर गेला. शर्टाच्या आत, बनियनला शिवलेल्या खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली बिल्टी होती. मालाचा मूळ कागद. ती त्याच्या अंगावर नसती तरच नवल. ज्या उस्तादाने त्याला गाडी शिकवली त्याने स्टिअरिंगला हात लावू देण्याआधी एक गोष्ट बडवून बडवून शिकवली होती. कागद केबिनमध्ये ठेवायचे नाहीत, कागद अंगावर. गाडीतून डिझेल चोरतात, टायर चोरतात, बॅटरी चोरतात, पण माणूस शुद्धीवर आहे तोवर अंगावरचा कागद जात नाही. सव्वीस वर्षं तो कागद अंगावर घेऊन झोपला, कागद अंगावर घेऊन आजारी पडला. सवय इतकी हाडीमाशी खिळलेली, की चावी देताना कागद द्यायचं त्याच्या स्वप्नातही आलं नाही. आणि काका जुना माणूस, त्यालाही विचारायचं सुचलं नाही. दुसऱ्याच्या कागदाबद्दल ट्रकवाला कधी विचारत नाही.

“माझ्याजवळ आहेत,” भडक्या म्हणाला. “फोटो पाठवू?”

“विचारलं मी. मूळ कागद पाहिजे म्हणतो. नाहीतर गाडी मागे घे म्हणतो, रांगेच्या शेवटी.”

“शेवटी किती आहेत?”

“साठेक असतील.”

म्हणजे आणखी दोन-तीन दिवस. आणि परवा संध्याकाळी पुढचा माल भरायला हजर राहायचं होतं. ते हुकलं तर मालक गाडी दुसऱ्याच्या हातात देणार, हे त्याने मागेच ऐकवून ठेवलं होतं. भडक्या स्वतःवर, कारकुनावर, मेलेल्या उस्तादावर असा चिडला की स्टँडवरच्या खांबाला त्याने लाथ घातली. खांबाला काही झालं नाही.

“सावकाश ये,” काका म्हणाला. “मी बघतो काय ते.”

“बघणार काय डोंबल?” पण फोन बंद झाला होता.

बायकोला सगळं कळायला दोन वाक्यं पुरली. लेकीने बॅगेचा पट्टा खांद्यावर नीट केला आणि ती हसली. तेच जुनं हसू. ‘उद्या पोचतो’ला असायचं ते.

“जा तुम्ही बाबा,” ती म्हणाली. “आलात ना, झालं.”

“अहो, पण ही बस कारखान्यावरूनच जाते की,” बायको म्हणाली. “बसा हिच्याबरोबर. तेवढंच चौदा किलोमीटर तरी बाप शेजारी असेल पोरीच्या.”

कधी कधी ही बाई असं काही बोलून जायची, की भडक्याला वाटायचं, गाडी खरंतर हिनेच चालवायला हवी होती.

बस सुटली. लेक खिडकीशी, तो शेजारी. सव्वीस वर्षांत तो प्रवासी म्हणून क्वचितच बसला होता, आणि त्याला ते जमत नव्हतं. वळण आलं की त्याचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबत होता. बसवाला गिअर बदलताना खरखर करायचा, तशी याच्या तोंडातून ‘च्च’ निघायची.

“बाबा, तो चालवतोय. तुम्ही बसा,” लेक म्हणाली.

“क्लचची वाट लावतोय तो.”

“लावू द्या.” तिने मांडीवरचा डबा उघडला. “हे तुमच्या वाटचं. आईने बांधून दिलं. म्हणाली, नाही आले तर गाडीत तू खा.”

म्हणजे बायकोनेही त्याच्या शब्दावर फारसा भरवसा ठेवला नव्हता. तो निमूट जेवू लागला. बाराएक किलोमीटर झाले असतील, आणि बस थांबली. पुढे नजर जाईल तिथपर्यंत गाड्याच गाड्या. हॉर्नचा नुसता कल्लोळ. बसवाल्याने इंजिन बंद केलं, म्हणजे काय समजायचं ते सगळे समजले.

भडक्याने फोन लावला. “काका, हलली का गाडी गेटातून?”

“कशाने हलणार?” काका म्हणाला. “हवेच्या टाकीचा कॉक उघडून ठेवलाय मी. हवा गेली सगळी. ब्रेक धरून बसलेत. तोंड गेटात, शेपूट रस्त्यावर. म्हटलं, हवेची गळती आहे साहेब, मिस्त्री येतोय. आता बघू कोण मागे घेतो ती.”

मोठ्या गाडीचे ब्रेक हवेवर सुटतात. हवा नाही तर बाप आला तरी चाक फिरत नाही. हे ट्रकवाल्याला माहीत असतं, कारकुनाला नसतं. चाळीस वर्षांत कोणाला साधं उलट न बोललेला हा माणूस, कालच्या शिव्या पोटात घालून, भर रस्त्यात आडवा पडला होता.

“लोक मारतील तुला,” भडक्या म्हणाला.

“बोलतायत. बोलू देत. तू ये सावकाश.”

त्याने उठायला हवं होतं. गेट दीड किलोमीटरवर होतं. पण मागच्या बाकावरून एक गृहस्थ म्हणाले, “या ट्रकवाल्यांना रस्ता म्हणजे आपल्या बापाचा वाटतो,” आणि लेकीने घाईघाईने भडक्याच्या मनगटावर हात ठेवला. तो भडकेल असं तिला वाटलं होतं. भडक्या भडकला नाही. त्या हाताखाली तो तसाच बसून राहिला. ती आठ वर्षांची होती तेव्हा धरला होता तिने हात असा, त्यानंतर त्याला आठवत नव्हतं.

“बाबा, एक सांगू?” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. “मला भीती वाटतेय तिथे जायची.”

“कसली?”

“माहीत नाही. सुई टोचताना हात थरथरला तर? कोणी ओरडलं तर? आईला नाही बोलले. ती रडत बसली असती.”

भडक्याला वाटलं, इथे काहीतरी मोठं, शहाणं बोलायला हवं. त्याला तसलं काही येत नव्हतं. म्हणून त्याने खरं ते सांगितलं. पहिल्यांदा एकट्याने भरलेली गाडी घेऊन तो घाट उतरला, तेव्हा त्याचे पाय इतके लटपटत होते, की घाट उतरल्यावर त्याने गाडी बाजूला लावली आणि उलटी केली. मग तोंड धुतलं आणि पुढे निघाला. हे त्याने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. लेक हसली. पण हे हसू वेगळं होतं, हे त्याला नवीन होतं. मग ती बोलतच सुटली. वसतिगृहाची खोली, बरोबरची मुलगी, पहिल्या दिवशी घालायचे कपडे. वीस मिनिटं गेली. अर्धा तास गेला. फोन दोनदा थरथरला, त्याने मांडीखाली दाबून धरला. आयुष्यात पहिल्यांदा रस्ता बंद होता आणि भडक्याला घाई नव्हती.

पावणेचार वाजून गेले. कंडक्टर खाली उतरून चौकशी करून आला.

“गेटात ट्रक अडकलाय,” त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. “कागद घेऊन डायव्हर गायब आहे म्हणे. तो आल्याशिवाय काही खरं नाही.”

मग त्या डायव्हरवर बसभर शिव्यांची लाखोली सुरू झाली. कोणी म्हणालं, पिऊन पडला असेल. एक म्हातारी म्हणाली, असल्यांना घरदार नसतं. भडक्या मान खाली घालून रिकामा डबा पुसत होता. निरखून पुसावं असं त्या डब्यात काही नव्हतं.

“बाबा,” लेक हळूच म्हणाली. “तुम्ही उतरल्याशिवाय ही बस हलणार नाही, हो ना?”

“पाच मिनिटं,” तो म्हणाला. “जातो.”

तिच्या घड्याळाकडे त्याने बघितलं नाही, तीही बघत नव्हती. तिला हे मघाशीच कळलं होतं आणि तरी ती वसतिगृहाचं बोलत राहिली होती, हे आत्ता कुठे त्याच्या ध्यानात आलं. पाच मिनिटं गेली. मग ती म्हणाली, “रेल्वे सहा दहाची आहे बाबा.”

तो उठला. डबा तिच्या हातात देणार होता, पण तो रिकामा होता, म्हणून स्वतःजवळच ठेवला. “पोचलीस की फोन कर,” एवढंच म्हणाला. हे वाक्य आजवर त्या घरात सगळे त्याला म्हणत आले होते.

सव्वीस वर्षं बसून काढलेल्या माणसाला पळता येत नाही. तरी तो पळाला. गुडघे बोलायला लागले, धाप लागली, हातात डबा खुळखुळत होता. ओळखीचे ट्रकवाले खिडकीतून ओरडत होते, “आला रे आला, भडक्या आला.” त्याला थांबून त्यांच्याशी भांडावंसं वाटलं नाही, हेही नवीनच.

गेटावर काका पायरीवर बसला होता, भोवती दहा माणसं तोंडसुख घेत होती. काकाने त्याला बघून कॉक बंद केला, केबिनमध्ये चढून इंजिन चालू केलं. भडक्याने बनियनमधून घामाने ओली झालेली बिल्टी काढून कारकुनासमोर धरली. कारकुनाने ती दोन बोटांत धरली, कशीबशी उघडली, शिक्का मारला. सगळं मिळून अर्धं मिनिट. त्या अर्ध्या मिनिटासाठी हे सगळं. चार-पाच मिनिटांत टाकीत हवा भरली, ब्रेक सुटले.

“काका,” भडक्या खिडकीपाशी जाऊन म्हणाला. “काल मी...”

“भेटली का पोरगी?” काकाने विचारलं.

“भेटली.”

“मग झालं तर. घे गाडी.” तो उतरला आणि आपल्या गाडीकडे निघाला, सावकाश.

भडक्याने गाडी आत घेतली. वजनकाट्याच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच भिंती होत्या आणि त्यावर पत्रे. काट्यावर गाडी उभी असताना बाहेर रस्ता मोकळा झाल्याचा आवाज आला. एकेक इंजिन सुरू झालं. मग बस आली. तिच्या गिअरची खरखर त्याने ओळखली. तो दार उघडून पायरीवर चढला, टाचा उंचावल्या, पण पत्र्यांच्या वर फक्त बसचं छप्पर आणि छपरावरचं सामान सरकताना दिसलं.

आत माल उतरवायच्या जागेपाशी पुन्हा रांग होती. तेरा गाड्या. मुकादम वही घेऊन फिरत होता.

“आज काही होत नाही,” तो म्हणाला. “क्रेनवाला सव्वाचारला सुटतो. तू यायच्या आधी पाच मिनिटं गेला. उद्या सकाळी.”

एरवी भडक्याने त्याची वहीच भिरकावली असती. आताही ओठांवर सगळं आलं होतं. दोन दिवस, फाटक, कागद, दीड किलोमीटरची धाव, मांडीखाली दाबलेला फोन, आणि हे सगळं कशासाठी, तर गेटाबाहेरच्या रांगेतून गेटाच्या आतल्या रांगेत येण्यासाठी. संताप इतका होता की तो कुठून सुरू करावा तेच कळेना. तेवढ्यात फोन वाजला.

“बाबा, निघालो आम्ही. जोरात चालवतोय. रेल्वे मिळेल म्हणतोय कंडक्टर.” मागे बसचा गोंगाट होता. “तुमचं गेट दिसलं मला. तुम्ही नाही दिसलात.”

“आत होतो मी.”

“तुमचं काम झालं ना पण? गाडी झाली खाली?”

भडक्याने पुढच्या तेरा गाड्यांकडे बघितलं. क्रेन मान खाली घालून उभी होती आणि मुकादम वही बंद करून घरी निघाला होता.

“झाली की,” तो म्हणाला. “आल्या आल्या झाली.”